शनिवारची रांग टाळायची असेल तर: स्नोबोर्डिंगसाठी राहायला जायचा डोंगराळ मुलूख कसा निवडावा

डेन्व्हरहून डोंगरात जाणारा मुख्य रस्ता एकच, आय-७०. त्यावरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे; जायला दोन लेन, यायला दोन लेन. शनिवारी पहाटे साडेपाचला घर सोडलं तर लिफ्ट सुरू व्हायच्या आत पोहोचता येतं. साडेसहाला सोडलं तर कधी पोहोचाल याचा नेम नाही. सॉल्ट लेक सिटीत अंतर कमी, पण ताजा बर्फ भरपूर पडला की लिटल कॉटनवुड दरीतला रस्ता हिमस्खलनाच्या धोक्यामुळे बंद ठेवतात, आणि उघडला की सगळं शहर एकदम वर निघतं. सिअ‍ॅटलची गत फार निराळी नाही. या शहरांत नोकरीनिमित्त स्थिरावलेली बरीच मराठी मंडळी आता बोर्डवर नीट उभी राहू लागली आहेत. दोन-तीन सीझन रांगेत गेले की विचार डोकावतोच: काम घरूनच चालतं, तर मुक्कामच का हलवू नये?

हलवावा. पण बहुतेक जण आधी डोंगर निवडतात आणि मग त्याच्या पायथ्याशी घर शोधतात. तिथेच गणित चुकतं. हौशी माणसाचे वर्षातले पन्नास दिवस डोंगरावर जातात, उरलेले तीनशे पंधरा गावात. त्यामुळे आधी रस्ता, मग गाव, मग डोंगर. हा क्रम एका खऱ्या मुलखावर लावून पाहू: वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाचं स्पोकेन शहर आणि त्याच्या आसपासचा उत्तर आयडाहो. तुलनेला सीमेपलीकडचा, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला कूटनी भाग आणि मोंटानाचा पश्चिम भाग.

आधी भागाकार

गर्दीचा अंदाज घ्यायला जाहिरातीतले फोटो निरुपयोगी. कागदावर तीन आकडे मांडा: डोंगरापासून दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये राहणारी माणसं, त्या माणसांच्या आवाक्यातल्या सगळ्या डोंगरांचं मिळून क्षेत्रफळ, आणि तिथे पोहोचवणाऱ्या रस्त्यांची संख्या.

कोलोराडोच्या फ्रंट रेंजवर, म्हणजे डेन्व्हर आणि आसपासच्या शहरांच्या पट्ट्यात, सुमारे ५० लाख लोक राहतात. त्यांच्या आवाक्यातले व्हेल, ब्रेकेनरिज, कीस्टोन, कॉपर, विंटर पार्क वगैरे नऊ मोठे डोंगर मिळून साधारण २३ हजार एकर. म्हणजे एकरी दोनशेच्या वर माणसं, आणि जवळजवळ सगळा भार आय-७०वर. स्पोकेन आणि शेजारचं कोर द'अलेन मिळून आठ लाखांच्या आत-बाहेर लोक. पाच डोंगर, साधारण साडेनऊ हजार एकर. एकरी ऐंशी-नव्वद माणसं. शिवाय पाचही डोंगर वेगवेगळ्या दिशांना असल्याने गाड्या आपोआप विभागल्या जातात. हा शेवटचा मुद्दा एकरांच्या आकड्याइतकाच वजनदार आहे.

आकडा ढोबळ आहे. सगळेच काही बोर्डिंग करत नाहीत आणि विमानाने येणारे पाहुणे यात धरलेले नाहीत. पण दोन मुलखांत दुपटीहून जास्त फरक दिसला तर तो प्रत्यक्षातही जाणवतो. फरक दीडपटीच्या आत असेल तर घर हलवण्याइतका फायदा नाही, असं आमचं मत.

आता लिफ्टची क्षमता. जुनी दोन जणांची चेअर तासाला सुमारे १,२०० माणसं वर नेते, चार जणांची वेगवान चेअर २,४०० ते २,८००. रांगेत ६०० माणसं असतील तर पहिलीला अर्धा तास, दुसरीला पंधरा मिनिटांच्या आत. यात एक मेख आहे. लहान डोंगरावर वेगवान लिफ्ट बसली की रांग कमी होते, पण तीच माणसं उतारावर येतात आणि अकरा वाजेपर्यंत ताजा बर्फ संपतो. संथ जुनी लिफ्ट आणि मोठा उतार ही जोडी पावडरवाल्यांसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाच्या शौकिनांसाठी, कित्येकदा जास्त फायद्याची.

पास कुठले चालतात ते पाहा

एकाच तिकिटावर सीझनभर अनेक डोंगर उघडणारे मोठे पास, २००८ मध्ये एपिक आणि २०१८ मध्ये आयकॉन, आल्यापासून गर्दीचा नकाशा बदलला. एखादा दूरचा डोंगर या मोठ्या पासवर आला की सुट्टी काढून येणाऱ्यांच्या यादीत जातो. स्पोकेन परिसरातला श्वाइट्झर आयकॉनवर आहे आणि २०२३ पासून आयकॉनच्याच मालक कंपनीकडे आहे. पाचांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत वर्दळीचा तोच. ब्रिटिश कोलंबियातले फर्नी, किंबर्ली आणि किकिंग हॉर्स एपिकशी जोडलेले, तर रेव्हलस्टोक आणि रोसलंडचा रेड माउंटन आयकॉनशी. मोंटानातल्या बोझमनजवळचा ब्रिजर बोल ना-नफा तत्त्वावर चालतो, बिग स्काय आयकॉनवर आहे. दोन्ही एकाच शहराच्या आवाक्यात, पण शनिवारचा अनुभव वेगळा.

तिसरा प्रकार इंडी पासचा. तो २०१९ मध्ये सुरू झाला आणि स्वतंत्र, लहान डोंगरांवर प्रत्येकी दोन दिवस देतो. दोन दिवसांसाठी कोणी घर सोडून येत नाही, म्हणून अशा डोंगरांवर पासमुळे फारसा लोंढा येत नाही. पासच्या याद्या दरवर्षी वसंतात बदलतात. घर घेण्याआधी चालू वर्षाची यादी स्वतः उघडून पाहा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

बर्फ किती पडतो, त्यापेक्षा कसा टिकतो

डोंगराच्या संकेतस्थळावर 'वर्षाला इतके इंच' असा आकडा असतो. तो सोडून द्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचं स्नोटेल नावाचं स्वयंचलित केंद्रांचं जाळं पश्चिमेकडच्या डोंगरांत पसरलेलं आहे आणि त्याचे आलेख कोणालाही फुकट पाहता येतात. या भागासाठी 'लुकआउट', 'श्वाइट्झर बेसिन' आणि माउंट स्पोकेनजवळचं 'क्वार्ट्झ पीक' ही केंद्रं उपयोगाची. पाहायचं ते असं:

१. बर्फाची जाडी पाहू नका, बर्फातल्या पाण्याचा आलेख उघडा. साचून बसलेल्या बर्फात दहा इंच पाणी म्हणजे साधारण तीन ते साडेतीन फुटांचा थर. त्याखाली झुडपं आणि खडक झाकले जात नाहीत, झाडांमध्ये बोर्ड नेणं धोक्याचं.

२. गेल्या पंधरा-वीस वर्षांपैकी प्रत्येक वर्षी ही दहा इंचांची रेघ कोणत्या तारखेला ओलांडली ते लिहून काढा. डिसेंबरच्या मध्याला ओलांडणारा डोंगर आणि जानेवारीच्या मध्याला ओलांडणारा डोंगर यांत वर्षाला चार आठवड्यांचा फरक पडतो.

३. सरासरी बाजूला ठेवून सर्वांत वाईट तीन वर्षं पाहा. वॉशिंग्टनमध्ये २०१४-१५चा हिवाळा इतका उबदार गेला की बर्फाऐवजी पाऊस पडला आणि मे २०१५ मध्ये राज्यभर दुष्काळ जाहीर झाला. असं वर्ष पुन्हा येणारच. त्या वर्षी तुमचा डोंगर किती दिवस चालला असता, हे त्या आलेखात दिसतं.

४. डिसेंबर-जानेवारीचं तापमान त्याच केंद्रावर ताशी पाहा. पाणी वाढतंय आणि पारा शून्य अंशाच्या वर आहे, म्हणजे तो पाऊस. असे दिवस हिवाळ्यात किती, ते मोजा.

चौथी पायरी इथे फार महत्त्वाची. ब्रेकेनरिजचं गाव ९,६०० फुटांवर आहे. श्वाइट्झरचा माथा ६,४०० फुटांवर आणि माउंट स्पोकेनचा ५,९०० फुटांच्या जवळ. म्हणजे इथली शिखरं कोलोराडोच्या पार्किंगपेक्षा खाली. उत्तरेकडचं स्थान आणि पॅसिफिकची ओल यामुळे बर्फ भरपूर पडतो, पण दर हिवाळ्यात एक-दोनदा माथ्यापर्यंत पाऊस येतो आणि रात्रीत सगळं काचेसारखं होतं. हे मान्य नसेल तर हा मुलूख तुमचा नाही. मान्य असेल तर बदल्यात उंचीचा त्रास नाही, आणि कोलोराडोसारखा साखरेच्या दाण्यांसारखा सुटा, कमकुवत बर्फ वरच्या थराखाली महिनोन्महिने टिकून राहण्याचं प्रमाणही कमी.

बोर्डरच्या नजरेने नकाशा वाचा

स्कीवाल्यांनी लिहिलेली वर्णनं बोर्डरला फसवतात. अमेरिकेत तीन डोंगरांवर स्नोबोर्डला आजही बंदी आहे: युटातले अल्टा आणि डिअर व्हॅली, व्हर्माँटमधला मॅड रिव्हर ग्लेन. हे तर झालंच. त्याशिवाय नकाशावर तीन गोष्टी शोधा. पहिली, सपाट जोडरस्ते. मागच्या बाजूच्या खोऱ्यातून लिफ्टकडे परत येणारी लांब, आडवी वाट दिसली की समजा की ओल्या बर्फात तिथे एक पाय सोडून ढकलत जावं लागणार. दुसरी, टी-बार, म्हणजे तारेला लटकलेल्या दांड्याने बर्फावरूनच वर ओढत नेणारी लिफ्ट. दांडा मांडीत धरून आडवं उभं राहणं बोर्डरला अवघड, आणि लहान डोंगरांवर माथ्याचा चांगला भाग कित्येकदा टी-बारनेच गाठावा लागतो. तिसरी, जुन्या रिबलेट चेअर. रिबलेट ही स्पोकेनचीच कंपनी. तिच्या दोन जणांच्या चेअरला मधोमध खांब असतो. दोघे बोर्डर एकत्र बसले तर पुढचा पाय कोणाचा कुठे, हे आधी ठरवून बसा, नाहीतर उतरताना दोघेही आडवे.

उत्तर आयडाहो, कूटनी आणि मोंटानातलं व्हाइटफिश इथे दाट फर वृक्षांतलं बोर्डिंग हेच मुख्य आकर्षण आहे, आणि धोकाही तिथेच. फांद्यांखाली बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो. त्या खड्ड्यात डोकं खाली जाऊन पडलं तर दोन्ही पाय बोर्डला बांधलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. झाडांत जाताना जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, शिटी गळ्याशी हवी, आणि पडताना स्वतःला बुंध्यापासून लांब लोटून द्यायचं. एकटे राहायला जाणार असाल तर नव्या गावात जोडीदार मिळेपर्यंत मोठ्या हिमवादळानंतर झाडांत जायचं नाही, हा नियमच करा.

स्पोकेन: एक शहर, पाच डोंगर

माउंट स्पोकेन सर्वांत जवळ, शहरातून तासाभरात. राज्य उद्यानात आहे, ना-नफा संस्था चालवते आणि ठरावीक संध्याकाळी दिव्यांखाली उतार खुले असतात. कामाचे तास पूर्व किनाऱ्याचे असतील तर इथे सकाळी सहाला सुरू होऊन दुपारी दोनला दिवस संपतो. त्यानंतर हा डोंगर सोयीचा. बर्फ मात्र पाचांत सर्वांत बेभरवशाचा.

फॉर्टी-नाइन डिग्रीज नॉर्थ उत्तरेला चवीलाह गावाजवळ, सव्वा तासावर. २,३०० एकर, २०२१ पासून नवी वेगवान मुख्य लिफ्ट, आणि तरीही आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारपर्यंत झाडांत न तुडवलेला बर्फ सापडतो. उतार मध्यम. फार तीव्र कडे शोधणाऱ्याला कंटाळा येईल.

सिल्व्हर माउंटन केलॉग गावात, आय-९० लगत, सत्तर मैलांवर. वैशिष्ट्य गोंडोलाचं, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेचं: ३.१ मैल लांब, महामार्गालगतच्या २,३०० फुटांवरच्या गावातून थेट वर. म्हणजे घाटातली गाडी नाही, टायरला साखळ्या बांधणं नाही. पण वादळी वाऱ्यात गोंडोला थांबला की डोंगरच थांबला. केलॉगमध्ये घर स्वस्त दिसतं म्हणून लगेच हुरळू नका. ही जुनी शिसे आणि चांदीच्या खाणींची दरी आहे आणि बंकर हिल हे १९८३ पासून केंद्र सरकारच्या प्रदूषित स्थळांच्या यादीत आहे. बहुसंख्य अंगणांतली माती बदलली गेली आहे. तुमच्या घराच्या अंगणाची बदलली की नाही, याची नोंद पॅनहँडल हेल्थ डिस्ट्रिक्टकडे मागता येते. लहान मुलं असतील तर ती नोंद पाहिल्याशिवाय सही करू नका.

लुकआउट पास आयडाहो आणि मोंटानाच्या सीमेवर, आय-९०च्या शून्य क्रमांकाच्या एक्झिटला, दीड तासावर. उंची कमी, पण पॅसिफिकच्या ढगांना अडवणाऱ्या रांगेवर असल्याने पाचांत बर्फ सर्वांत खात्रीचा. २०२२ मध्ये ईगल पीकचा भाग जोडला गेल्यावर तो खऱ्या अर्थाने पूर्ण दिवसाचा डोंगर झाला. राज्याची सीमा आणि वेळेची सीमा दोन्ही डोंगरावरूनच जातात. लिफ्ट पॅसिफिक वेळेने चालते, फोन कधी कधी मोंटानाची, तासभर पुढची वेळ दाखवतो आणि माणसं तासभर आधीच गाडीकडे निघतात.

श्वाइट्झर सँडपॉइंटच्या वर, पावणेदोन ते दोन तासांवर. २,९०० एकर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत २,४०० फुटांचा उतार, पेंड ओरेल सरोवराचं दर्शन. दर्शन होईल तेव्हा. माथ्यावर धुकं इतकं बसतं की कमी उजेडाची पिवळी-गुलाबी भिंग बॅगेत नसेल तर अर्धा दिवस चाचपडण्यात जातो. वरचा नागमोडी रस्ता शनिवारी चिकटतो. पायथ्याला गाडी लावून बसने गेलेलं बरं.

लहान डोंगर सुट्ट्या सोडून आठवड्यात एक-दोन दिवस बंद असतात. तुमची मोकळी सकाळ बुधवारी असेल आणि डोंगर बुधवारी बंद, तर रिकाम्या उताराचा उपयोग काय? पाचांच्या वेळापत्रकांचा एक तक्ता करून पाहा: आठवड्याच्या प्रत्येक दिवशी दीड तासात किमान दोन डोंगर उघडे मिळाले पाहिजेत. दोन का, तर एकाच डोंगरावर विसंबलं की तो बंद पडल्यावर सीझन जातो. डिसेंबर २०२१ मध्ये किंबर्लीच्या मुख्य चेअरलिफ्टला आग लागली आणि त्या सीझनची सगळी घडी विस्कटली.

सीमेपलीकडे कूटनी

बर्फ आणि एकांत हेच पाहिलं तर कूटनी स्पोकेनपेक्षा सरस आहे. रेड माउंटन ३,८५० एकर, आणि पायथ्याच्या रोसलंडची वस्ती चार हजारांच्या आसपास. नेल्सनजवळच्या व्हाइटवॉटरचा पायथाच १,६४० मीटरवर असल्याने पाऊस क्वचित गाठतो. रेव्हलस्टोकचा उतार १,७१३ मीटर, उत्तर अमेरिकेत सर्वाधिक. फर्नीला कॅल्गरी तीन-साडेतीन तासांवर, म्हणून लांब सुट्टीत तिथे गर्दी होते.

मग अडचण काय? पोहोचणं. कासलगारच्या विमानतळाला लोक 'कॅन्सलगार' म्हणतात. दरीत ढग बसले की विमान उतरत नाही, आणि हिवाळ्यात ढग बसतातच. साल्मो ते क्रेस्टन हा १,७७५ मीटरचा कूटनी पास आणि रेव्हलस्टोकच्या पूर्वेचा रॉजर्स पास हिमस्खलन-नियंत्रणासाठी बंद होतात, कधी दोन तास, कधी दिवसभर. महिन्यातून दोनदा ऑफिसला उडायचं असेल तर नेल्सन किंवा रोसलंड विसरा. पूर्ण घरून काम आणि कॅनडाची कायम रहिवासी परवानगी हातात असेल तर मात्र याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. परवानगी नसलेल्यांसाठी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण वस्त्यांच्या स्थलांतर योजनेत वेस्ट कूटनीचा समावेश झाला; त्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त मालकाकडून नोकरीचा प्रस्ताव लागतो, दूरच्या कंपनीचं घरून काम चालत नाही.

स्पोकेनमध्ये राहून शनिवार-रविवारी रेडला जाणं हा मधला मार्ग. सुमारे अडीच तास. पण वाटेतली सीमाचौकी चोवीस तास उघडी नसते, आणि भारतीय पासपोर्टवर एच-१बी (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) असलेल्याला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

मोंटानाबद्दल थोडक्यात. व्हाइटफिशचा ३,००० एकरांचा डोंगर उत्तम, गावाला विमानतळ जवळ, अ‍ॅमट्रॅकची एम्पायर बिल्डर गाडी गावात थांबते. बोझमनजवळचा ब्रिजर बोलही उत्तम, पण त्याच्या रिजवर, म्हणजे माथ्याच्या धारेवर, जायला हिमस्खलन-ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संदेशयंत्र) सक्तीचा. दोन्ही गावं २०२० नंतर इतकी महागली की गर्दीपासून पळून तिथे जाणारा आता तिथल्या गर्दीचाच भाग होतो. दोन्हींकडे पहिली पसंती म्हणून पाहू नये.

नोकरी आणि व्हिसा: इथे चुकलात तर बर्फ राहिला बाजूला

एच-१बीवर असाल तर 'घरूनच तर काम करतो, घर कुठेही असो' हा समज महागात पडतो. तुमचं घर हेच कामाचं ठिकाण धरलं जातं. नवं घर सध्याच्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर कंपनीने त्या जागेसाठी कामगार-अटींचा नवा अर्ज मंजूर करून घेऊन सुधारित एच-१बी अर्ज तुम्ही हलण्याच्या आधी दाखल करायला हवा; २०१५ पासून हा नियम स्पष्ट आहे. क्रम असा: आधी मॅनेजर, मग कंपनीचा इमिग्रेशन वकील, मग अर्ज दाखल झाल्याची पावती, आणि त्यानंतरच भाडेकरार. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर कामाचं ठिकाण बदलल्याने ती पुन्हा सुरू करावी लागेल का, हे त्याच बैठकीत विचारा.

दुसरा प्रश्न पगारपत्रकाचा. कंपनी त्या राज्यात नोंदलेली नसेल तर नकार येऊ शकतो. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, पण स्पोकेनमध्ये विक्रीकर नऊ टक्क्यांच्या आसपास. आयडाहोत आयकर आहे. मोंटानात आयकर आहे, विक्रीकर नाही. स्पोकेनच्या पश्चिमेला घर घेतलं की पूर्वेकडचे डोंगर अर्धा तास लांबतात. लिबर्टी लेक किंवा स्पोकेन व्हॅली ही पूर्वेकडची उपनगरं राज्य न ओलांडता चार डोंगरांना सोयीची.

गाव तपासताना

मनगट, घोटा, खांदा: बोर्डरच्या नशिबी अस्थिरोगतज्ज्ञ असतोच. स्पोकेनमध्ये सेक्रेड हार्टसारखं मोठं ट्रॉमा केंद्र आहे. लहान गावात जाणार असाल तर रुग्णालयात काय होतं यापेक्षा काय होत नाही ते विचारा. सँडपॉइंटच्या रुग्णालयाने २०२३ मध्ये प्रसूती विभाग बंद केला. मूल व्हायचं असेल तर तासभर दूर जाणं भाग, तेही जानेवारीत.

घर पाहताना हे प्रश्न: समोरच्या रस्त्यावरचा बर्फ काउंटी काढते की खासगी ठेकेदार, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? पाणी विहिरीचं आहे का? वणव्याचा विमा मिळतो का? ऑगस्ट २०२३ मध्ये स्पोकेनजवळ मेडिकल लेक परिसरात शेकडो घरं जळाली. त्यानंतर रानालगतच्या घरांच्या विम्याची चौकशी घराआधी करणं शहाणपणाचं. इंटरनेट 'या भागात आहे' यावर विश्वास न ठेवता नेमका पत्ता घालून तपासा.

दोन गोष्टी हिवाळ्याच्या सहलीत कळतच नाहीत. एक, धूर. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात काही वर्षी खिडकी उघडता येत नाही; हवा गाळायचं यंत्र सामानातच धरा. दुसरी, अंधार. स्पोकेन ४७ अंशांच्या वर आहे, डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचाही नसतो, आणि कूटनीच्या दऱ्यांत ढगांचं झाकण आठवडेच्या आठवडे हटत नाही. गंमत अशी की माथ्यावर त्याच वेळी लख्ख ऊन असतं. जो डोंगरावर जातो त्याला हे सोसतं. घरात बसणाऱ्या जोडीदाराला सोसत नाही. कित्येक कुटुंबं परत फिरतात ती याच कारणाने.

तूरडाळ आणि कढीपत्ता स्पोकेनमध्ये मिळतो, मराठी मंडळाच्या गणपतीसाठी सिअ‍ॅटल. मध्ये साडेचार तास आणि स्नोक्वाल्मी घाट. नेल्सनमध्ये राहिलात तर डाळीची पिशवी वीस पौंडांचीच आणा.

खात्रीची सहल

सर्वांत वाईट दिवस निवडा. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारची मार्टिन ल्यूथर किंग सुट्टी किंवा फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारची प्रेसिडेंट्स डे सुट्टी. ब्रिटिश कोलंबियात त्याच सोमवारी फॅमिली डे असतो. त्या शनिवारी साडेआठ, साडेनऊ आणि साडेदहाला तीन आकडे लिहा: पार्किंग किती भरलं, मुख्य लिफ्टला किती मिनिटं थांबलात, माथ्यावरून खाली येताना किती वेळा थांबावं लागलं. थांबणं वीस मिनिटांच्या आत असेल तर तो डोंगर वर्षभर चालेल. त्याआधी घरबसल्या सहा शनिवार डोंगराचा आणि महामार्गाचा कॅमेरा त्याच वेळांना पाहून ठेवा.

एक सहल हिवाळ्यात, दुसरी नोव्हेंबरच्या मध्यात किंवा एप्रिलअखेर, जेव्हा लिफ्ट बंद, चिखल सर्वत्र आणि निम्मी उपाहारगृहं कुलूपबंद. गाव त्या आठवड्यात आवडलं तर पुढे जा. आणि पहिलं वर्ष भाड्यानेच. एका भन्नाट पावडरच्या आठवड्यानंतर मार्चमध्ये घर विकत घेणाऱ्यांची घरं दोन वर्षांनी पुन्हा बाजारात दिसतात.

तारखा

फेब्रुवारीत सहल. मार्च-एप्रिलमध्ये पास सर्वांत स्वस्त, पण वकिलाचं उत्तर आलं नसेल तर परतावा किंवा पुढच्या वर्षी वळवायची सोय असलेलाच घ्या. मे-जूनमध्ये कंपनीचे अर्ज. भाड्याचं घर ऑगस्टच्या आत, कारण सप्टेंबरपासून डोंगरावरचे हंगामी कर्मचारी तीच घरं शोधू लागतात. टायर सप्टेंबरअखेर: चारही चाकांना डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले खरे हिवाळी टायर, फक्त चारचाकी ओढीवर (फोर-व्हील ड्राइव्हवर) भिस्त नको, ती गाडी हलवते, थांबवत नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आणि खाच किमान ३.५ मिलिमीटर. वॉशिंग्टनमध्ये खिळ्यांचे टायर फक्त १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. पहिला बर्फ पडल्यावर टायरच्या दुकानात लागणारी रांग ही या मुलखातली सर्वांत लांब रांग असते, म्हणून वेळ आधीच ठरवून घ्या.